उगवते शिल्पकार किरीटभाई पांचाळ

आमच्या कणजीपुऱ्यात उत्तरायण, म्हणजे पतंगांची संक्रांत, आटोपलं, गच्च्यांवरचे भोंगे उतरले, उरलेल्या फिरक्या माळ्यावर गेल्या, की तळ्याकाठच्या बागेत शिल्पं उभी राहू लागतात. स्पर्धेचं नाव ‘उगवते शिल्पकार’. भरवतो सरोवर कला ट्रस्ट, म्हणजे प्रद्युम्नभाई अमीन. त्यांचा टाइल्सचा कारखाना आहे आणि कलेवर त्यांचं फार प्रेम आहे. फक्त ती बागेत असावी, घरात नको, असं त्यांचं मत आहे. मंडप आणि खुर्च्या माझ्या, त्यामुळे मला सगळं जवळून दिसतं.

उगवता शिल्पकार कोणाला म्हणायचं हे पहिल्याच वर्षी ठरलं होतं: ज्याला या स्पर्धेत कधी बक्षीस मिळालेलं नाही तो. वयाचा विचार कुणी केला नाही. त्यामुळे माझे शेजारी किरीटभाई पांचाळ काळ्या केसांचे होते तेव्हापासून उगवत होते आणि केस पांढरे झाले तरी उगवतच होते.

किरीटभाई मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. बाप-आजे लोहार, त्यामुळे लोखंडावर हात बसलेला. पहिल्या वर्षी त्यांनी सळ्या आणि पत्रा वाकवून एक सारस केला. आमच्याकडे भाताच्या शेतात सारसांची जोडी फिरते, माणसाच्या खांद्याला लागेल एवढा पक्षी. किरीटभाईंचा सारस इतका हुबेहूब होता की बागेतली कुत्री त्याच्यावर भुंकली. बडोद्याहून आलेल्या परीक्षकांनी मात्र शेरा दिला, ‘कौशल्य आहे, पण हा तर सारसच आहे.’

दुसरा कुणी असता तर चिडला असता. किरीटभाईंनी सारस घरी आणला आणि त्याचे पाय कापले. पुढच्या वर्षीचे परीक्षक म्हणाले, या कृतीची मुळं मातीत दिसत नाहीत. त्यांनी पाय परत जोडले. मग कुणी म्हणालं, आतला अवकाश बोलत नाही. त्यांनी पोटाला आरपार भोक पाडलं. कुणी विचारलं, यात प्रेक्षक स्वतःला कुठे पाहतो? त्यांनी भोकाभोवती न्हाव्याकडचे जुने आरसे बसवले. दोन पंख म्हणजे पुनरुक्ती, असं एका विद्वानाने म्हटलं, तेव्हा एक पंख गेला. लोखंड तेच, सारस तोच. जानेवारीत शेरा यायचा आणि डिसेंबरपर्यंत तो अमलात यायचा. शेवटी शेवटी तर सहलीला आलेली पोरं त्याला उंट समजून पाठीवर बसू लागली.

निरंजनाबेनना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, हे अजिबात पटायचं नाही. “मी दाराची कडी दुरुस्त करा म्हणाले, त्याला किती दिवाळ्या झाल्या,” त्या आमच्यादेखत म्हणायच्या. “आणि परका माणूस मोटारीतून उतरून पाय कापा म्हणाला, की हे लगेच करवत शोधतात.”

“कडीला परीक्षक नसतात,” किरीटभाई शांतपणे सांगायचे.

दरम्यान बाकीचे लोक उगवून निघून गेले. कुणी दिल्लीला, कुणी थेट जर्मनीला. शाळेतली त्यांचीच विद्यार्थिनी हेतल बक्षीस मिळवून गेली आणि काही वर्षांनी परीक्षक म्हणून परत आली. तिने सरांना वाकून नमस्कार केला, निरंजनाबेनच्या हातचे ठेपले खाल्ले, आणि सारसाची मान फार ताठ असल्याचं लिहून गेली. किरीटभाईंनी मान वाकवली.

मग एका वर्षी बक्षीस समारंभाला मंत्री आले. सगळ्या उगवत्या शिल्पकारांचा त्यांच्यासोबत फोटो काढायचा होता. जीन्स घातलेल्या पोरापोरींच्या मधोमध किरीटभाई माकडटोपी घालून उभे राहिले. मंत्र्यांनी प्रद्युम्नभाईंना प्रेमाने विचारलं, “हे काका कुणाला घ्यायला आलेत?” प्रद्युम्नभाई हसले, पण त्यांचे कान लाल झाले होते.

पुढच्या वर्षी निकालाआधी परीक्षकांचा चहा चालला होता. मी खुर्च्या मोजत होतो. प्रद्युम्नभाईंनी आवाज खाली आणला आणि म्हणाले, “एक विनंती आहे. यांना एकदाचं उगवून टाका.”

परीक्षकांची हरकत नव्हती, फक्त कारण लिहायला हवं होतं. नशिबाने उत्तरायणातला एक फाटका पतंग येऊन सारसाच्या मानेत अडकला होता. त्यावर त्यांनी अर्धं पान लिहिलं: तुटलेल्या पतंगातून आकाशाची ओढ कशी व्यक्त होते, वगैरे. आणि सवय मोडवेना म्हणून शेवटी एक ओळ टाकली, ‘मान अजूनही थोडी संकोचलेली वाटते.’

शाल मिळाली, पदक मिळालं. सारस बागेत सिमेंटच्या चौथऱ्यावर कायमचा बसवला. चौथऱ्यावर प्रद्युम्नभाईंच्या मातोश्रींच्या नावाची पाटी लागली, ती सारसापेक्षा ठळक. गल्लीत पेढे वाटले गेले. किरीटभाईंनी सगळ्यांना हसून हात जोडले. पण त्यानंतर ते विचित्र वागू लागले. जेवताना मधेच उठायचे. कडी दुरुस्त केली. ती झाल्यावर सगळ्या खिडक्यांच्या कड्या काढून परत बसवल्या. निरंजनाबेन घाबरल्या आणि माझ्या बायकोला म्हणाल्या, यांना डॉक्टरला दाखवू का?

डिसेंबर लागला तेव्हा एका सकाळी ते करवत घेऊन बागेत गेले. चौथऱ्यावर चढून मान कापायला सुरुवात केली, तोच राखणदार रायजीने त्यांना कमरेला धरून खाली उतरवलं आणि ट्रस्टच्या मालमत्तेची नासधूस केली म्हणून प्रद्युम्नभाईंसमोर नेऊन उभं केलं. मंडपाचं बोलायला मी तिथेच बसलो होतो.

प्रद्युम्नभाईंनी आधी त्यांना पाणी दिलं. “किरीटभाई, तो आता पूर्ण झालाय,” ते म्हणाले.

“कोण म्हणतं?”

“बक्षीस दिलं ना आम्ही.”

“मग मानेबद्दल का लिहिलंत?”

प्रद्युम्नभाईंनी परीक्षकांचं ते पान वाचलंच नव्हतं. तेवढ्यात कुणीतरी कळवल्यामुळे निरंजनाबेन आल्या. हातात पिशवी होती. त्यांनी शाल आणि पदक टेबलावर ठेवलं.

“हे तुमचं घ्या आणि आमचा पक्षी द्या,” त्या म्हणाल्या. “हा माणूस बक्षिसाने बिघडला. आधी बरा होता.”

पक्षी देता येणार नव्हता. मातोश्रींची पाटी होती आणि अनावरण मंत्र्यांनी केलं होतं. पोलिसांत दिलं असतं तर पेपरात आलं असतं की कणजीपुऱ्यात कलेला तिच्याच कलाकारापासून संरक्षण द्यावं लागतं. प्रद्युम्नभाईंनी जागच्या जागी एक पद निर्माण केलं: मानद जतन-सल्लागार. म्हणजे किरीटभाई सारसाला जे काही करतील त्याला देखभाल म्हणायचं. रायजीला सांगितलं, आता यांना शिडी धरायची.

त्या हिवाळ्यात किरीटभाईंनी देखभाल केली. मान सरळ केली. आरसे काढून न्हाव्याला परत दिले. पोटाचं भोक बुजवलं, गेलेला पंख नव्याने केला. कुणी सांगितलं म्हणून नाही. या वेळी सांगणारं कुणी नव्हतंच, आणि पहिले काही दिवस ते त्यानेच गोंधळले होते. करवत हातात धरून नुसते उभे राहायचे. ट्रस्टने एवढीच अट घातली की मानेत पतंग हवाच, कारण प्रशस्तिपत्रात पतंग आहे. म्हणून दर उत्तरायणाला रायजी एक नवा पतंग घेऊन तो व्यवस्थित फाडतो आणि शिडीवर चढून अडकवतो.

हेतल पुन्हा परीक्षक म्हणून आली तेव्हा सारसासमोर थबकली. सर, केवढं धाडस, ती म्हणाली. आजच्या काळात इतकं सरळ काम करायची कुणाची हिंमत होत नाही. किरीटभाईंनी तिला ठेपले खाऊन जायचा आग्रह केला. घरी आल्यावर मी विचारलं, बरं वाटलं ना? ते म्हणाले, “पोरगी हुशार आहे. पण आता ती काय म्हणते ते ऐकायचं राहून जातं.”

सध्या त्यांच्या अंगणात म्हैस उभी राहतेय, लोखंडाचीच. सकाळी डेअरीत दूध घालायला निघालेले लोक कॅनसकट फाटकाशी थांबतात. एक म्हणतो, मागचे पाय फार जवळ आहेत. दुसरा म्हणतो, ही मेहसाणी आहे की जाफराबादी ते आधी ठरवा, मग शिंगं लावा. आचळांवरून तर दोघा भावांत इतकी जुंपली की एकाचं दूध नासलं. किरीटभाई मधे उभे राहून दोघांचं ऐकतात, खडूने खूण करतात आणि वाटलं तर कापतात, नाही वाटलं तर राहू देतात. निरंजनाबेन चहा देऊन देऊन थकल्या आहेत.

यंदा स्पर्धेच्या मंडपाचं काम घेऊन मी बागेत निघालो होतो. जाता जाता त्यांना म्हटलं, चला, नवी शिल्पं लागलीत. म्हशीच्या पायावर खडूने खूण करता करता त्यांनी वर न पाहता विचारलं, “कसली?”