खालची काच

रत्नागिरीच्या बाजारपेठेतल्या एका स्टुडिओवाल्याने मला फसवलं. आंब्याच्या सौद्यात मुंबईच्या दलालांना घाम फोडणारा मी, फसून वर हसत त्याच्या दुकानातून बाहेर पडलो.

पन्नासच्या दशकातला मे महिना होता. मी घेत होतो तो कॅमेरा जुना, दोन भिंगांचा, एकावर एक. वरच्या भिंगातून आपण बघायचं, फोटो उतरतो तो खालच्यातून. कॅमेरा पोटाशी धरून मान खाली घातली की चौकोनी काचेवर समोरचं सगळं दिसतं, फक्त डावं-उजवं उलटं. रस्त्यावरची कोळीण, तिच्या पाटीतले बांगडे, सगळं लख्ख दिसलं. मी तासभर घासाघीस केली. शेवटी मागचं झाकण उघडायला गेलो, तर त्याने हात धरला.

"शेट, आत कोरी फिल्म आहे. उजेड लागून फुकट जाईल."

"मग ती याच किमतीत धरायची."

त्याने कपाळाला हात लावला. "तुमच्यापुढे कोण टिकणार? न्या!"

फिल्म फुकटात उपटली म्हणून मी खूश.

बाबा गलबतावर तांडेल होते, खलाशांचे म्होरके. पावसाळ्यापूर्वीची शेवटची फेरी करायला दुसऱ्या सकाळी निघायचे होते. आयुष्यात त्यांचा एकही फोटो निघाला नव्हता. बंदरावर उभं केलं, तर म्हणाले, "अरे, फोटो माझा, नि तू बघतोस स्वतःच्या पोटाकडे?" खलाशी खो खो हसले. फिल्मवरचे बाराही फोटो मी त्यांचेच काढले.

गलबत परत आलं नाही.

फिल्म दुसरीकडे धुवून घेतली. बाराही फोटोंत नुसतं धुकं. त्यात मुंडाशाचा आकार, खाली चेहरा नाही. मग मी रिकाम्या कॅमेऱ्याचं झाकण उघडलं, शटर उघडं धरलं आणि खालच्या भिंगातून आभाळाकडे पाहिलं. बाहेरून पुसून चकचकीत केलेल्या काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी पसरली होती. फिल्म आत का भरली होती, ते तेव्हा कळलं.

कॅमेरा घेऊन मी त्या स्टुडिओवाल्याकडे गेलो. "समुद्राची हवा, शेट," तो म्हणाला. "बुरशी धरायचीच."

"महिन्याभरात एवढी?"

"घेताना तुम्हीच बघितलंत ना?"

"वरच्या काचेतून बघितलं!"

"मग त्याला मी काय करू?"

दुकानातली गिऱ्हाईकं हसली. मी त्याच्या शोकेसची काच फोडली. गावाने तेवढंच लक्षात ठेवलं.

आज वीस वर्षांनी तो स्टुडिओवाला आपल्या अंगणात खुर्ची टाकून बसतो, येणारे-जाणारे त्याला नमस्कार करतात. माझी आई अजून आहे. त्या बारांतला एक फोटो तिने चौकटीत लावलाय आणि पदराने पुसते. धूळ बसलीय, असं तिला वाटतं. मला तिला खरं सांगायला जमलेलं नाही, आणि ते माझं कामही नाही. त्याने आमच्या पडवीत यावं, तिच्यासमोर बसावं आणि ती विचारते त्याचं उत्तर द्यावं: यांचे डोळे कुठे आहेत?