धाकटीचा गुरुवार

माझी धाकटी जाऊ दर गुरुवारी मोर्चाला जायला लागली आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. खोटं कशाला बोलू?

घरातल्या पुढच्या खोलीत आमची शिलाईची दोन मशीनं. मापं घेणं, गिऱ्हाइकांशी बोलणं माझ्याकडे. काजं, हातशिलाई, दुरुस्ती तिच्याकडे. लग्न होऊन आली तेव्हापासून ती अशी, की कुणी 'कपडे कधी मिळतील?' विचारलं तरी माझ्या तोंडाकडे बघायची. बाजारात, शाळेत, दवाखान्यात तिच्या वतीनं मीच बोलायचे. मला ते आवडायचं.

मग पलीकडच्या सरकारी दवाखान्यातला बाळंतपणाचा विभाग बंद करायचं ठरलं आणि ही मुखदुर्बळ बाई पाटी घेऊन थेट रस्त्यावर! तीन गुरुवारांत तिला नव्या ओळखीही झाल्या. दूधवाली तिला 'ए बारके' म्हणून हाक मारते. निवृत्त मास्तर दारात येऊन 'मॅडम आहेत का?' विचारतात. मॅडम! वीस वर्षं कात्री चालवतेय, मला कुणी मॅडम म्हटलं नाही.

"असल्या घोषणांनी काय होतं गं? गाढवापुढे वाचली गीता," मी म्हणायचे.

"व्हायचं तेव्हा होईल. मला तिथं बरं वाटतं," ती म्हणायची. हेच मला झोंबायचं. इथं काय वाईट वाटत होतं?

चौथ्या आठवड्यात तिनं मोठा कापडी फलक शिवायला घेतला. तो मी तिच्या हातातून ओढलाच. म्हटलं, कळू दे लोकांना खरी कारागीर कोण ते. कोटाला लावतात तसं आतून जाड अस्तर लावलं, चारी कडा दुहेरी दुमडल्या. लोक कौतुक कसं करतात ते बघायला मीही मोर्चाला गेले.

चौकात वारा सुटला. अस्तरामुळे तो आरपार जाईना. फलक टम्म फुगला आणि एक काठी धरलेली धाकटी फरफटत जाऊन मास्तरांच्या अंगावर आदळली. कपड्यात वारा शिरू नये एवढंच मला ठाऊक; फलकातून तो जाऊ द्यावा लागतो हे मला कोण सांगणार? दूधवाली खो खो हसली. माझा चेहरा बघून धाकटी म्हणाली, "राहू दे जाऊबाई, धरू आपण घट्ट." मी पिशवीतली कात्री काढली आणि माझ्याच कामाला माझ्याच हातानं भोकं पाडली.

दवाखान्याच्या फाटकाशी कर्णा धाकटीच्या हातात आला. आता ही माझ्याकडे बघणार म्हणून मी तयारच होते. तिनं बघितलं नाही.

"तीन वर्षांपूर्वी माझी मुलगी इथं जन्मली आणि इथंच गेली," ती म्हणाली. "नर्सबाईंनी तिला तासभर माझ्या मांडीवर ठेवलं. तिचे केस ओले होते. ते मी माझ्या बाहीनं पुसले. दूर कुठं पाठवलं असतं, तर मी वाटेतच गेले असते. मला तो तासही मिळाला नसता."

दूधवाली रडत होती. मीही रडले, पण माझ्या रडण्यात राग होता. त्या दिवशी बाहेरच्या बाकावर मी बसले होते. कागद मी भरले, नातेवाइकांना मी कळवलं. आणि तो तास मला आज कळावा, दोनशे परक्या माणसांबरोबर?

परतताना मी तिला गाठलंच. "त्यांना सांगितलंस. मला का नाही?"

ती चालता चालता थांबली. "सांगायला बसले होते, जाऊबाई. दोनदा. दोन्ही वेळा माझं पहिलं वाक्य संपायच्या आत तुम्ही माझी समजूत घालायला लागलात."

यावरही माझ्याकडे उत्तर होतं. अगदी जिभेवर. ते गिळलं आणि विचारलं, "कुणावर गेली होती गं ती?"

घर येईपर्यंत ती सांगत होती. आणि मी, देवाशप्पथ, एकदाही मध्ये बोलले नाही.