बोलायच्या अटीवर

साताऱ्याहून कडेगावला मी एकदा केवळ बडबडीच्या जोरावर गेले. आयुष्यभर माझ्या बोलण्याला नावे ठेवणारे आमचे हे त्या दिवशी माझ्या बोलण्यावर बसून गेले, हे मी त्यांना अजून विसरू देत नाही.

त्या उन्हाळ्यात खताची टंचाई होती आणि डिझेलचीही. कडेगावची एसटी रद्द झाल्याचे स्टँडवर कळले. पण जाणे तर भाग होते. माझी धाकटी बहीण शांता तिथे एकटीने ऊस सांभाळत होती. तिचा नवरा लष्करात. तिने भरणीसाठी (उसाच्या बुडाला खत घालून माती लावण्यासाठी) सऱ्या फोडून ठेवल्या होत्या, मुळ्या उन्हात उघड्या पडल्या होत्या आणि खताचा पत्ता नव्हता. विहीर भाऊबंदांत सामाईक. तिची पाण्याची पाळी दुसऱ्या दिवशी, ती चुकली की पुढची आठवड्याने. तोवर ऊस वाळून जाणार. आम्ही जाऊन खत उगवणार नव्हते, पण अशा वेळी माणूस जवळ असावे.

आमचे हे निवृत्त सुभेदार. त्यांनी तडक रेल्वेचा मालधक्का गाठला. तिथे युरियाची पोती उतरली होती आणि कडेगावच्या सोसायटीसाठी एक ट्रक भरत होता. चालक दस्तगीर, रहिमतपूरचा, तिशीचा असेल. डोळे जास्वंदीसारखे लाल.

"न्हेतो की," तो म्हणाला. "पन अट हाय. वाटंत गप बसायचं न्हाई. किन्नर (गाडीवरचा मदतनीस) तापानं पडलाय. केबिनीत कोन बोलत नसलं की माजा डोळा लागतोय."

चालकाने दिवसात ठरावीक तासांहून जास्त गाडी हाकू नये, असा नियम आहे. खत वेळेवर पोचावे म्हणून तो तेवढ्यापुरता सैल केला होता. ह्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, "अडचणीत असं करावंच लागतं."

"व्हय सुभेदार, तास वाडवलं," दस्तगीर हसला. "डोळं तेवढंच हायती."

ह्यांनी लढाईच्या गोष्टी सांगून त्याला जागे ठेवायचे ठरले. कोरेगावच्या पुढे पहिल्याच गोष्टीत, शत्रू दिसायच्या आत, हे स्वतः घोरू लागले. मग मी सूत्रे हाती घेतली. शेजारणीच्या म्हशीपासून सुरुवात केली.

रहिमतपूर आले. रस्त्याला लागून असलेल्या एका कौलारू घरापुढे दस्तगीरने दोनदा हॉर्न वाजवला. दारात एक बाई आली, कडेवर तान्हे मूल. तिने हात वर केला. गाडी थांबली नाही.

"घर हाय माजं," तो म्हणाला. "हॉर्न ऐकला की तिला कळतं, मानूस जागा हाय."

"अरे, मग पाणी तरी प्यायचं."

"न्हाई मावशी. तिथं बसलो तर उठायचा न्हाई. पोरगीला नीट बगून चार दिस झालं."

मला भरून आले, पण रडत बसायची सोय नव्हती, बोलायचे होते. पुसेसावळीला चहा घेतला. पुढे दोन्ही बाजूंना उघडे माळ, मध्येच विहिरीच्या आधाराने हिरवा तुकडा. मला भूक लागली. फडक्यातला धपाटा काढून मी एक घास तोंडात घातला. तेवढ्या एका घासापुरती गप्प झाले, आणि गाडी हळूच रस्ता सोडून बाभळीकडे निघाली.

"दस्तगीर!" मी घास तोंडात असतानाच ओरडले. त्याने स्टिअरिंगचे चाक वळवले. फांद्या टपावर खरडल्या. हे जागे होऊन म्हणाले, "काय झालं?" मी म्हटले, "शत्रू आला होता." त्यानंतर कडेगावपर्यंत मी पाणीसुद्धा प्यायले नाही.

सोसायटीच्या गोदामापुढे बायाबापड्यांची रांग होती. गाडी थांबली, दस्तगीरने चाकावर डोके टेकले आणि तो झोपला. हमाल गाडीचा मागचा फळका पाडून नेहमीसारखे ओरडणार, एवढ्यात रांगेतून शांता धावत आली. तिने माझ्याकडे पाहिले, त्याच्याकडे पाहिले आणि ओठांवर बोट ठेवले. हमाल हाळी दिल्याशिवाय पोते उचलत नाहीत; पण त्या दिवशी त्यांनी मुकाट्याने पाठी दिल्या. मीही केबिनीत तोंड मिटून बसले. हे मला किती जड गेले ते ह्यांना विचारा.

पोती संपली ती नेमकी शांताच्या पुढच्या माणसापाशी. सोसायटीचे सचिव म्हणाले, "त्याला उठवा. आता निघाला तर रात्रीपर्यंत दुसरी खेप येती. तासांची अडचण ऱ्हायली न्हाई."

"उठवाच," मागून दोघेतिघे म्हणाले. "ऊस वाळाय लागलाय."

"दुसऱ्या खेपंत पयला नंबर माजा हाय," शांता म्हणाली. "उद्या पाळी बी माजीच हाय. आन मी म्हंती, झोपू द्या त्येला."

"आन ऊस गं?"

तिने केबिनीकडे बोट केले. "माजा मालक बी डोंगरात गाडीच चालवतोय. त्येला तितं कोनतरी झोपू देत आसंल, आसं मनात धरून मी रोज भाकरी खाती. आज ह्येला उठवलं तर उद्या घास कसा गिळू?"

मग ज्यांना पहिल्याच नंबरात खत मिळाले होते ते भावकीतले तात्या खाकरले. "शांते, माजी पाळी परवा हाय. तू ती घे. मला खत गावलंय, मी उद्याचं पानी घेतो." एवढे सोपे होते, पण ती आधी बोलली नसती तर कुणाला सुचले नसते.

दिवस कलल्यावर दस्तगीर दचकून उठला. दोन्ही हातांनी चाक घट्ट धरून ओरडला, "मावशी, बोला की! गप का बसला?"

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "गाडी उभी आहे बाळा. पोती उतरली. झोप तू."

त्याने रिकाम्या गाडीकडे पाहिले, तिथेच बसलेल्या शांताकडे पाहिले. त्याला सगळे कळले असावे. शांताच्या घरची पिठलं-भाकरी त्याने खाली मान घालून खाल्ली आणि पुन्हा रात्रभर झोपला.

आमची म्हैस शेजारणीच्या भरवशावर होती, म्हणून सकाळी त्याच्याच गाडीने परतलो. दुपारून तो दुसरी खेप घेऊन निघणार होता. आता त्याला बोलणाऱ्याची गरज नव्हती, तोच बोलत होता. रहिमतपूरला घर आले. मी हॉर्नची वाट पाहत होते. तो वाजलाच नाही. त्याने गाडी अलगद कडेला घेतली आणि इंजिन बंद केले. बायको धावत बाहेर आली, चेहरा पांढरा पडलेला.

"हॉर्न का न्हाई वाजवला? माजा जीव गेला की!"

"हळू बोल," दस्तगीर चपला काढत म्हणाला. "पोरगी झोपली आसंल."