आईनं लावलेलं प्रायमर
मेकअपच्या आधी चेहऱ्याला लावायच्या प्रायमरची ट्यूब उघडली, की त्या मंद औषधी वासानं मला अमरावतीचं एक पार्लर आठवतं. माझ्या लग्नाची सकाळ होती. वडील जाऊन दोन वर्षं झाली होती आणि तेव्हापासून आई पावडरसुद्धा लावत नसे. मी ब्युटिशियनला आईचाही मेकअप करायला सांगितलं. "लोक काय म्हनतीन?" आई म्हणाली. तरी ब्युटिशियननं तिच्या रापलेल्या गालावर थोडं प्रायमर चोळलं. आईनं गालावरून बोटं फिरवली. "हे कोनाले दिसते काय?" "नाही काकू, वरून रंग लावला तरच मेकअप दिसते." "मंग एवढंच लाव." मांडवात आत्यानं तिला निरखून विचारलं, "काहून वहिनी, आज चेहरा लय ताजा दिसून राहिला?" "पोरीचं लगन हाये ना," आई म्हणाली. मी हसू दाबलं. हे मी आज पहिल्यांदाच सांगते आहे.