तिसरा फर्मा

माझा मामा छापखान्यात बाइंडर होता आणि त्याचे वडीलही त्याच छापखान्यात बाइंडर. त्यामुळे घरात पुस्तकांची चंगळ होती, फक्त त्यांतलं एकही धड नव्हतं. कुठे पानं उलटी, कुठे शेवट गायब. विक्रीतून बाद झालेला माल आजोबा घरी आणत आणि मुलांना वाचायला देत. पोरांना कुठे काय कळतंय, असा त्यांचा रोख.

त्यातलंच एक मामाचं लाडकं. एक शाळकरी गुप्तहेर चोरांच्या तावडीत सापडतो. बत्तिसाव्या पानाच्या तळाशी तो तळघरात दोरांनी बांधलेला असतो. डोळे उघडून समोर पाहतो, तर... आणि शेजारच्या पानावर, ‘पंपाचा वरचा नट सैल करून घ्यावा.’ पुढे सोळा पानं पंपदुरुस्ती, आकृत्यांसकट. एकोणपन्नासाव्या पानावर गुप्तहेर घरी पोचून ओले कपडे बदलतो.

आठ वर्षांच्या मामाला यात काहीच वावगं दिसलं नाही. पोराने पंप खोलला, तळघरात पाणी भरलं, दोर भिजून सुटले, पोरगं पोहत बाहेर आलं. लेखकाने यातलं अक्षरही लिहिलं नव्हतं, म्हणूनच तो मामाला जगातला सर्वांत हुशार लेखक वाटला. वाचकावर इतका भरवसा कोण टाकतं?

तेव्हापासून मामाला वाचनाचं वेड लागलं ते लागलंच. जेवताना, दवाखान्याच्या बाकावर, हाती येईल ते वाचायचा आणि नाक मुरडायचा. “हा सगळं स्वतःच सांगून टाकतो,” म्हणत पुस्तक मिटायचा आणि पुढचं उघडायचा. भले भले लेखक वाचून झाले, त्या पंपवाल्याची सर कोणालाच नाही. कामात मात्र महाकडक. बाइंडिंग खात्याचा मुख्य झाल्यावर तर एखादा फर्मा, म्हणजे सोळा पानांची घडी, इकडची तिकडे लागली की समोरच्याची बिनपाण्याने करायचा.

ते पुस्तक कधीतरी घर बदलताना हरवलं. त्याची खरी हळहळ मामाला नातीमुळे वाटू लागली. ही नऊ वर्षांची बया पुस्तक दिसलं की पोट दुखतं म्हणायची. सगळे उपाय थकले. “एकदा ते पुस्तक तिच्या हातात पडू दे, मग बघा,” मामा म्हणायचा. पोरगी वाचणार की नाही, ते त्या एका पुस्तकावर येऊन ठेपलं होतं.

शेवटी मामेभावाने जुन्या पुस्तकांच्या दुकानात ते शोधून काढलं आणि वडिलांच्या वाढदिवसाला दिलं. आम्ही सगळे कौतुकाने मामाकडे बघत बसलो. त्याने तेहतिसावं पान उघडलं, नंतर आणखी काही, आणि त्याचा चेहरा उतरला.

“रडतोय,” तो म्हणाला.

“कोण?” मामीने विचारलं.

“गुप्तहेर. चौदा पानं नुसता रडतोय. मग काका पोलीस घेऊन येतो. घरी जाताना दोघं डबक्यात पडतात.”

“अहो, मग पंप?”

मामाने पानाच्या तळाशी फर्म्याचा आकडा पाहिला. बाइंडरला आणखी काय सांगायला हवं? गोष्टीचा तिसरा फर्मा आणि पंपाच्या पुस्तकाचा तिसरा फर्मा, ढीग शेजारी शेजारी, आणि कुणाचा तरी हात चुकलेला. ज्या चुकीसाठी त्याने जन्मभर माणसं झापली, त्याच चुकीवर त्याचं सगळं वाचन उभं होतं.

मामाने पुस्तकाला हात लावणं सोडलं. “ठेवा ते बाजूला” म्हणून आयुष्यभर कटकट करणारी मामी आता आपणहून त्याच्या उशाशी पुस्तकं ठेवू लागली. तो कूस बदलायचा. मला त्याच्याकडे बघवत नव्हतं.

मग एका दुपारी त्याने सुई-दोरा आणि खळ काढली आणि दार लावून घेतलं.

“बाबा, वॉशिंग मशीनबरोबर आलेलं पुस्तक कुठे पाहिलंत का?” मामेभावाने संध्याकाळी विचारलं.

“नाही बुवा,” मामा म्हणाला आणि नातीच्या हातात गुप्तहेर ठेवला. “बत्तीस पानं वाच. नाही आवडलं तर परत कधी म्हणणार नाही.”

दोन दिवसांनी मामेभावाची आरोळी ऐकून आम्ही धावलो. वॉशिंग मशीनचा पाइप निघालेला, मोरीतून पाणी थेट स्वयंपाकघरात, आणि मधोमध पाना घेऊन नात उभी.

“आजोबा, पाणी गुडघ्यापर्यंतसुद्धा येत नाही,” ती वैतागून म्हणाली. “मग तो पोहत कसा बाहेर आला?”

“पोहत आला असं लिहिलंय?” मामाने हळूच विचारलं.

“लिहायला कशाला पाहिजे? कळतं की!”

मामाचे डोळे भरून आले. मामेभाऊ तोंड उघडणार, तोच मामाने त्याच्या हातात फडकं दिलं.

“अजून आहे असं पुस्तक?” नातीने विचारलं.

“असेल की. शोधायचं,” मामा म्हणाला, आणि उशाशी पडलेलं पहिलं पुस्तक आणायला आत गेला.