खोक्यातले कॉम्प्युटर

गेल्या हिवाळ्यात आमच्या शाळेच्या शिक्षकांची भरीत पार्टी होती, नशिराबादजवळच्या एका मळ्यात. कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीच्या जाळावर वांगी भाजत होती आणि गप्पा शेअरवर आल्या. मी शेअर घेतो हे सगळ्यांना ठाऊक, म्हणून एकाने विचारलं, ती कॉम्प्युटर बनवणारी कंपनी कशी वाटते?

मी म्हणालो, विक्री वाढलीय खरी, पण माल जातो कुठे ते बघा. सरकारी खरेदीतून तो आपल्यासारख्या शाळांत येऊन पडतो. आपले कॉम्प्युटर आले तसे खोक्यात आहेत, वर आपण पोषण आहाराच्या तांदळाची पोती रचलीत. आणि पोरं वहीत माऊसचं चित्र काढून मार्क मिळवतात. असल्या विक्रीच्या भरवशावर मी दमडी लावणार नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या.

मुख्याध्यापक भरीत वाढत होते. ते शांतपणे म्हणाले, "खोकं उघडलं काय, नाही काय, कंपनीचा माल तर खपला ना? मी केव्हाच घेतलाय तो शेअर. चांगला वर गेलाय."

"आणि आपली खोकी?" मी विचारलं.

"ती आता जुनी झाली. निर्लेखनाला टाकलीत, म्हणजे भंगारात काढायला. त्याच कंपनीचे नवे मागवलेत."

मी भरिताचं ताट बाजूला सारलं. मघाशी माझ्या बोलण्यावर माना डोलावणाऱ्यांनी मात्र तेलकट बोटं पँटीला पुसली आणि एकेकाने शेअर घ्यायला मोबाइल काढला.