कुंकू लागलेलं हवेचं मशीन

धोंडिबा त्या दिवशी फार चिडला होता. आपल्या तारिहाळ गावाहून हुबळीच्या बाजारापर्यंत तो मोपेड दामटत आला. मोपेडच्या मागे हवा भरायचं छोटं मशीन बांधलेलं होतं आणि त्यावर खंडेनवमीच्या हत्यारपूजेचं कुंकू तसंच होतं.

तीस वर्षं पंक्चर काढणारा हा माणूस. बायपासवर लॉरीचं चाक बसलं की ड्रायव्हर त्यालाच फोन करायचे. तिथवर नेता येईल असं मशीन हवं म्हणून त्याने हे घेतलं. खोक्यावर दाबाचा भला मोठा आकडा छापलेला, त्याला तेवढाच पुरला. घरी आणलं ते एकदाही न चालवता पूजेला मांडलं, झेंडू घातला, लिंबू कापलं. दुसऱ्या सकाळी बायपासवर नागेश ड्रायव्हरच्या लॉरीला लावलं. मशीन अर्धा तास किरकिरलं, तापलं आणि बंद पडलं. नागेशने त्याच्या देखत दुसऱ्या पंक्चरवाल्याला फोन लावला. असे आणखी दोन फोन गेले असते तर बायपासचं काम धोंडिबाच्या हातचं गेलंच असतं.

मशीन घेतलं त्या दुकानात मालकाची सून रेखा एकटीच होती. त्याने मशीन काउंटरवर आदळलं.

"फशिवलंसा मला. हे परत घ्या."

"पूजा झालेलं परत घेत नाही, अण्णा. कुंकू लागलेलं दुसऱ्याला कसं विकायचं?"

"मग लॉरीच्या चाकात कुंकू भरू व्हय? असलं खेळणं गळ्यात मारताना लाज कशी वाटंना तुमाला?"

आता रेखाचाही पारा चढला. "कुठल्या गाडीला पाहिजे म्हणून मी विचारलं होतं की. दोनदा विचारलं. तुम्ही काय म्हणालात? तीस वर्षं हवा भरतोय, कालची पोर तू, मला शिकवू नको. हे कारचं आहे. लॉरीला पेट्रोलवरचं, टाकीचं लागतं."

धोंडिबाला आठवलं. शब्द न् शब्द आठवला. अंगाचा नुसता तिळपापड झाला, आणि दोष द्यायला दुसरं कुणी उरलं नाही. स्वतःच्या मुस्काटात मारून घ्यावी असं त्याला वाटलं.

रेखाने आतून दुसरं, जड मशीन ओढत आणलं. पण त्याला हात लावू दिला नाही.

"गाडी कुठली, अण्णा?"

तिला सगळं ठाऊक होतं. तरी ती थांबून राहिली. धोंडिबाने दातओठ खाल्ले.

"लॉरी," तो म्हणाला. "मागची जोडचाकं. आधी चालवून दाव. पूजेचं मागनं बघू."